पाचव्यांदा स्वच्छ

"फुआतिनो, आता पुरे," नर्स म्हणाली, आणि तिने माझी फाइल बंद करून तिच्यावर रबर चढवलं. रबर फट्कन वाजलं. "ही पाचवी वेळ. पाचही वेळा स्वच्छ. रक्त स्वच्छ, लघवी स्वच्छ, घसासुद्धा स्वच्छ. अगं, इतकं तर माझं स्वतःचं कोणी तपासलेलं नाही." ती हसली. चांगली बाई आहे, मनात काही नसतं तिच्या. पण ते रबर वाजलं आणि माझ्या अंगावर काटा आला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला मात्र हातातून काहीतरी ओढून घेतल्यासारखं वाटलं. मी हळूच म्हटलं, "पण गिळताना डावीकडे दुखतं." तिने चष्म्यावरून बघितलं. "दिवसातून किती वेळा दाबून बघतेस?" मी गळ्यावरचा हात खाली घेतला. "दाबून दाबून दुखतंय ते. हात लावू नकोस. आणि सहाव्यांदा आलीस तर सुई नाही टोचणार, चहा पाजून परत पाठवीन. जा, घरी जा, नवऱ्याला सांग, खूश होईल बिचारा." बिचारा. मी कागद घडी करून पिशवीत टाकला, "देव तुझं भलं करो" म्हटलं, आणि आपिया शहराच्या त्या पांढऱ्या उन्हात बाहेर आले.

बाजाराशी बस उभी होती, फुलाफुलांच्या रंगाची, लाकडी बाकांची, आतून गाणं ठणाणत होतं. शुक्रवार, शाळा सुटलेल्या. पुढच्या दोन थांब्यांत बस भरली आणि एक शाळकरी मुलगी न विचारताच माझ्या मांडीवर येऊन बसली. यात विचारायचं काय असतं? जागा नसली की मांडी असते, मी पण लहानपणापासून कितीजणींच्या मांड्यांवर बसून आले. पण सात महिन्यांपूर्वीपर्यंत मांडीवर बसलेलं पोर म्हणजे नुसतं पोर होतं. आता तिच्या उघड्या पोटऱ्या माझ्या पायाला लागल्या आणि मी श्वास धरून ठेवला. तिच्या गुडघ्याला खरचटलेलं होतं, ओलं. माझ्या मांडीवर, कापडाखाली, काल एक पुळी होती. कापड जाड आहे. पुळी डासाची आहे. नर्सने स्वच्छ म्हटलंय. असं होत नाही, दवाखान्याच्या पत्रकात लिहिलंय की असं होत नाही. पण त्याच पत्रकात दुसऱ्या पानावर असंही लिहिलंय की लक्षणं दिसतीलच असं नाही, आणि ते एक वाक्य मला स्तोत्रासारखं पाठ झालंय. पुरळ उठला तर आजार, आणि नाही उठला तर लपलेला आजार. सकाळी उठल्यावर तोंडात पाण्याचा थेंब घालायच्या आधी एक स्तोत्र म्हणायचं हा माझा नेम आहे, लग्नाआधीपासूनचा, माझी मुलगी लुपे झाली त्या दिवशीसुद्धा मोडला नाही. आता स्तोत्राच्या आधी मी खिडकीशी जाऊन दोन्ही तळहात बघते, मग जीभ, मग जबड्याखाली दोन बोटं. देवाच्या आधी मी माझ्या अंगाला नमस्कार करते. हे चुकीचं आहे, मला कळतं.

फेब्रुवारीत माझा नवरा पेनी ब्रिस्बेनहून आला. वीजकंपनीने दोन महिने शिकायला पाठवलं होतं, नव्या यंत्रांचं काहीतरी. येताना लुपेला बूट, त्याच्या आईला शाल, मला अत्तर. पंधरा दिवसांनी एका दुपारी तो मला कामावरून घ्यायला आला आणि घराकडे वळायच्या ऐवजी त्याने गाडी समुद्राच्या भिंतीशी उभी केली. इंजिन बंद केलं नाही. समोर बघत म्हणाला, "फुआ, तुला एक छोटीशी तपासणी करून घ्यावी लागेल." छोटीशी. मग रडला. एकदाच झालं म्हणाला, प्यायलो होतो म्हणाला, तिचं नावसुद्धा आठवत नाही म्हणाला, जसं काही नाव न आठवणं ही मला दिलेली भेटच. "मला डॉक्टरने इंजेक्शन दिलंय, मी आता बरा आहे. पण तू पण जाऊन ये, मध्ये आपण... म्हणून." भिंतीवर दोन मुलं पाय हलवत आंबा खात बसली होती. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला आवाज चढवता येत नाही. माझी आई म्हणायची, हिला चावलं तरी ही सॉरी म्हणेल. मी म्हटलं, "चल घरी. आई जेवायची थांबली असेल." आणि घरी जाऊन मी सगळ्यांना वाढलं, त्याच्या ताटात तारोच्या पानांची नारळाच्या दुधातली भाजी दोनदा घातली. तो माझा राग होता, त्याला ते समजलं नाही. त्याला वाटलं, सुटलो.

पहिला कागद मार्चमध्ये स्वच्छ आला. पेनी मागच्या दाराशी वाट बघत उभा होता. "काय म्हणाले?" मी म्हटलं, "तीन महिने थांबून परत यायला सांगितलंय." हे खरं होतं. नर्स तसंच म्हणाली होती, पक्कं व्हायला तीन महिने लागतात. मी खोटं बोलत नाही. फक्त तिने त्याआधी काय सांगितलं ते मी सांगितलं नाही, आणि कागद मागच्या चुलीत घातला. जूनमध्ये परत स्वच्छ. तो आला. मी कोकोचं पातेलं ढवळत होते, ढवळतच राहिले, "परत बोलावलंय" म्हटलं. आणि बोलावलंच होतं, कारण मीच हट्ट धरला होता. त्याने पुढे काही विचारलं नाही. विचारायचा हक्क आपण घालवलाय असं त्याला वाटत असावं, आणि तेच मला हवं होतं. त्याने बिअर सोडली. पुढच्या खोलीत चटईवर झोपायला लागला, कोणी न सांगता. रविवारी पहाटे एकट्याने दगड तापवून जेवणासाठी उमूची भट्टी लावायला लागला, मला हात लावू देईना. वाळत गेला. त्याची कॉलरची हाडं वर आली तेव्हा मी ती मोजल्यासारखी बघितली. मला ते गोड लागलं, यात लपवायचं काय? स्तोत्रांमध्ये शापही आहेत. शत्रूचे दात मोडोत, त्याचं घर ओसाड पडो असं रडून मागणारी माणसंही देवाने त्याच पुस्तकात ठेवली आहेत, गाणाऱ्यांच्या शेजारी. मी सात महिने तीच म्हणते आहे. मनातल्या मनात नाही, तोंडाने, हळू.

पण भीती खरी होती. कोणी म्हणेल, नवऱ्याला छळायला हिने नाटक केलं. नाटक असतं तर मी लुपेचा टॉवेल वेगळा का केला असता? आठ वर्षांची पोर, रोज रात्री माझ्या गळ्यात हात टाकून झोपणारी. आता मी तिचा पापा घेत नाही, हात धुऊन केसांवरून फिरवते, तिच्यासाठी, आणि मग परत एकदा धुते, माझ्यासाठी. परवा ती आजीला सांगत होती, "मम्मीला माझा वास आवडत नाही." मी भिंतीआड उभी राहून ऐकलं. त्या वेळी पेनी समोर असता तर माझ्या हातून काय झालं असतं कुणास ठाऊक. आणि आता बसमध्ये, मांडीवर ती दुसऱ्याची मुलगी गाण्यावर ठेका धरून हलत होती, तेव्हा मला सगळ्यात वाईट गोष्ट कळली. मी पाच वेळा तिथे गेले ती स्वच्छ निघावं म्हणून नाही. काहीतरी निघावं म्हणून गेले. कारण काही निघालं नाही, तर काही झालंच नाही. कागद दाखवला की तो लुपेला उचलून फिरवेल, परत मोठ्याने गायला लागेल, आईला म्हणेल आज कोंबडी काप. ज्याला खरचटलंच नाही त्याने रडायचं कशासाठी? माझ्या अंगावर त्याच्या ब्रिस्बेनची एकही खूण नाही. एक पुळीसुद्धा नाही, जी दाखवून म्हणता येईल, हे बघ. देवा, मी म्हटलं, मी आजार मागितला रे तुझ्याकडे. मुलीची आई असून मागितला. मुलगी उतरली, जाताना हसली. मी पण हसले.

शनिवारी दुपारी आम्ही दोघी देवळाच्या मागच्या खोलीत प्रभुभोजनाचे पेले धूत होतो, मी आणि लोसा. तिचा नवरा इओसेफो पण डीकन आहे, रविवारी पेनीच्या जोडीने पेल्यांचं ताट फिरवतो. महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी पेले धुवायचं काम आमच्याकडे. अंगठ्याएवढे काचेचे पेले, दोनशे दहा. मी ते उकळत्या पाण्यात टाकते आणि चिमट्याने काढते.

"अगं अंडी आहेत का ती?" लोसा म्हणाली. "सात महिने बघतेय, उकळतेस आपली. प्रभूला सर्दी होईल म्हणून?"

"स्वच्छ बरे दिसतात."

"तुझा नवरा पण उकळून काढल्यासारखा दिसतोय हो हल्ली. काय खायला घालत नाहीस की काय? परवा इओसेफो म्हणाला, प्रार्थनेला उभा राहिला तर याचा कमरेचा लावालावा सुटेल आणि आम्हाला डोळे मिटायला वेगळं सांगावं लागणार नाही." स्वतःच्याच बोलण्यावर ती इतकी हसली की पेला निसटता निसटता राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "उद्या बघू कोण कोण पांढऱ्यात येतंय ते. परवा किराणा दुकानाच्या मागे कोणाला तरी बघितलंय म्हणतात. नाव नाही सांगणार, पण उद्या रंगीत दिसली की समज."

आमच्याकडे हे कोणी तोंडाने विचारत नाही. पहिल्या रविवारी सगळे पांढऱ्यात असतात, बाई, पुरुष, टोपीपासून चपलेपर्यंत. ज्याचं पाऊल घसरलं असेल त्याने पांढरं घालायचं नाही, मागच्या बाकावर बसायचं, भाकरी-पेला घ्यायचा नाही. पाळकांना जाऊन सांगावं लागत नाही, कपडे सांगतात. मग वर्षभर मागे बसायचं, नंतर मंडळी परत घेते. मी चिमट्यात धरलेला पेला उजेडाकडे करून बघितला. आत माझं बोट उलटं, लांबट दिसत होतं. पेनी पांढरं जाकीट घालून सात महिने हे पेले फिरवत होता. आणि मी त्याच्या हातून घेत होते, दर महिन्याला. तिथेच, वाफेत, मी ठरवलं. बोलायचं नाही. कपड्यांनीच बोलायचं.

संध्याकाळच्या प्रार्थनेला सासूबाईंनी गाणं धरलं, लुपेने शास्त्रपाठ वाचला, अडखळत. पेनीने प्रार्थना केली. "या घरातल्या प्रत्येकाला निरोगी ठेव," इथपर्यंत आला आणि त्याचा आवाज फाटला. सासूबाईंनी एक डोळा उघडून त्याच्याकडे बघितलं आणि परत मिटला. नंतर तो माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आला. "फुआ, काल गेली होतीस ना? काय म्हणाले?"

"उद्या कळेल तुला," मी म्हटलं.

"उद्या रविवार आहे. उद्या कसं कळेल?"

"कळेल."

सकाळी मी त्याच्या जाकिटाला नेहमीसारखी इस्त्री केली, कॉलर दोनदा. मग माझ्या पेटीतून निळा पुलेतासी झगा काढला, मोठ्या जास्वंदांचा, आणि तो घालून बाहेरच्या खोलीत आले. सासूबाई टोपीला पिन लावत होत्या. "हे काय? आज पहिला रविवार आहे. पांढरा कुठाय?"

"पेटीत आहे."

"मग?"

"मला तो आज घालता येणार नाही, आई."

त्यांच्या हातातली पिन तशीच राहिली. त्यांची नजर आधी माझ्या पोटावर गेली, मग तोंडावर. लुपेला त्यांनी बाहेर पिटाळलं आणि दातांतल्या दातांत म्हणाल्या, "कोण आहे तो?"

मला क्षणभर कळलंच नाही त्या काय विचारतायत. तेवढ्यात पेनी मागच्या दारातून आला, उमूच्या धुराचा वास घेऊन, हात कोपरापर्यंत राखेचे. त्याने मला बघितलं. फुलं बघितली, आणि रात्री विचारलेल्याचं उत्तर त्यातच वाचलं. त्याचं तोंड असं झालं की जणू कोणी आतून दिवा काढून नेला. हे तोंड बघायला मी सात महिने थांबले होते आणि ते मी पोटभर बघितलं. सासूबाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "बघ तुझी बायको. बघ आणि विचार तिला, कोण आहे म्हणून." मी वाट बघितली. दोन शब्द होते त्याच्याकडे, तिथल्या तिथे टाकता आले असते. तो ओल्या डोळ्यांनी माझ्याकडेच बघत राहिला, मग खाली राखेच्या हातांकडे, आणि आंघोळीला निघून गेला. बाहेर आला तो पांढऱ्यात.

किती मूर्ख मी. सगळ्याचा विचार केला होता, एवढ्याचाच केला नव्हता. मला वाटलं होतं निळा रंग त्याच्याकडे बोट दाखवेल. पण जो पांढऱ्यात असतो त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात, आणि जी रंगीत आली ती गेली. देवळात मागच्या बाकावर एक बिनलग्नाचं जोडपं होतं, एक दारुडा म्हातारा, आणि मी. पुढच्या पांढऱ्या टोप्या एकेक करून वळत होत्या, वाऱ्याने वळाव्यात तशा. लोसाने वळून बघितलं, तिचा जबडा खाली आला, आणि मग तिने मान पुढे केली ती परत वळवलीच नाही. पाळकीणबाई स्वतः उठून आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चूक माणसाच्याच हातून होते, मुली. पेनी फार सोशिक आहे हो. देवाचे आभार मान." मी म्हटलं, "हो, बाई." माझा घसा दुखायला लागला, डावीकडे, खरोखरचा. हात लावू नकोस, मी स्वतःला सांगितलं. हीच का ती शिक्षा, जी मी त्याच्यासाठी शिवली आणि मलाच बरोब्बर बसली? माझा सूडसुद्धा त्याने पांढऱ्या जाकिटात घालून मिरवला. हातातले पंखे हलत होते, दोनशे पंखे, आणि त्या सगळ्या हवेतून माझ्या चालचलणुकीचा वास पुढपर्यंत जात होता. मला पाळकसाहेबांचं एक वाक्य ऐकू आलं नाही. मी शापाचं स्तोत्र म्हणत होते. या वेळी ओठ हलवून.

मग डीकन उठले. इओसेफो डाव्या ओळींना, पेनी उजव्या. ताटातले पेले किणकिणत होते. एरवी किणकिणत नाहीत. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीत सासूबाई होत्या. त्यांनी पेला उचलला आणि मुलाच्या हातावर थोपटलं, सगळ्यांना दिसेल असं, सोस बाळा, असं. पेनी तिथे थांबला. फार वेळ थांबला. पेटीवाला तीच ओळ पुन्हा वाजवायला लागला. मग पेनीने ताट सासूबाईंच्या शेजारी बाकावर ठेवलं, जाकिटाची बटणं सोडली, तीन होती, तिसरं निघेना, ओढलं तर तुटून फरशीवर टणटणत गेलं. जाकीट त्याने ताटाशेजारी ठेवलं आणि मधल्या वाटेने मागे चालत आला. पंखे थांबले. "ती नाही," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण पहिल्या ओळीपर्यंत गेला. "मी." आणि येऊन माझ्या शेजारी बसला. पुढे सासूबाईंच्या तोंडून काहीतरी निघालं, रडू की शिवी, कळलं नाही. पाळकसाहेबांनी पुस्तकावर हात ठेवला, पेटीवाल्याला खूण केली. इओसेफो ताट उचलायला वळला.

त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता, घामाने भिजलेला. सात महिन्यांत तो इतक्या जवळ आला नव्हता. मी सरकले नाही. तो समोर बघत, ओठ न हलवता म्हणाला, "केव्हापासून आहे? औषध आहे का त्याच्यावर? मी नेईन तुला, न्यूझीलंडला नेईन, कुठेही. लुपेला आपण दोघं मिळून सांगू." त्याचे दात वाजत होते. "फुआ, मी मारलं तुला. मी मारलं."

मला वाटलं होतं या क्षणी गोड लागेल. लागलं. आणि त्या गोडीच्या तळाशी दुसरंही काही होतं, कारण तो उठला होता, खरंच उठला होता, आईसमोर, मंडळीसमोर, माझ्यासाठी. माझा हात आपोआप त्याच्या गुडघ्यावर गेला. पोळल्यासारखं काही झालं नाही. आणि मी खोटं बोलत नाही.

"काही नाही निघालं," मी म्हटलं.

"काय?"

"मला काही झालेलं नाही. मार्चमध्ये स्वच्छ होतं, जूनमध्ये स्वच्छ होतं. पाचही वेळा स्वच्छ. परवा नर्सने फाइलच बंद केली."

तो माझ्याकडे वळला. त्याच्या तोंडावर आधी उजेड आला, मोठा, लहान मुलासारखा, डोळे भरून आले. मग तो उजेड हळूहळू हलायला लागला. त्याने पुढे बघितलं, तिसऱ्या ओळीकडे, बाकावरच्या त्या पांढऱ्या जाकिटाकडे, आईच्या वाकलेल्या टोपीकडे.

"मग," तो म्हणाला, "मग मी उठलो कशाला?"

मी त्याच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला. म्हणजे माझ्या मरणाच्या भीतीने उठला होता. मी मरत नसले तर उठण्यासारखं काही झालंच नव्हतं. फेब्रुवारीपासून जे कोणत्याच कागदावर उमटत नव्हतं ते त्याने आता आपल्या तोंडाने, माझ्या कानाशी, साध्या शब्दांत सांगितलं होतं.

"हे पण सांग त्यांना," मी हळूच म्हटलं. "जा. अजून सगळे वळून बघतायत."

तो उठला नाही. पेटीने शेवटच्या गाण्याचा सूर धरला, सगळी मंडळी उभी राहिली, मी पण उभी राहिले. तो बसूनच होता, मान खाली घालून. मी पहिल्या ओळीपासून गायला सुरुवात केली.